कर्मविपाक : आपला आणि दुसऱ्याचा

मराठी माणसाच्या बोलण्यातून ‘कर्म’ हा शब्द काढून टाकावयाचे ठरविले, तर त्याची निम्मी हळहळ मुकी होईल. चुलीवरचे दूध उतू गेले की ‘कर्म माझे!’, चिरंजीव परीक्षेत आपटले की ‘आमचे कर्म!’, कचेरीत एकाच कागदासाठी चौथी खेप पडली की ‘काय ही कर्मकटकट!’. लांबलेल्या गाऱ्हाण्याला आपण कर्मकथा म्हणतो, अवचित गाठ पडली तर कर्मधर्मसंयोग म्हणतो, आणि हातचे असून खाता येत नाही अशा गृहस्थाला कर्मदरिद्री म्हणतो. मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळावर अक्षरे लिहून जाते अशी समजूत असल्यामुळे, त्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवण्याची चाल कित्येक घरांतून चालत आलेली आहे. म्हणजे जगात येऊन आठवडा लोटतो न लोटतो, तोच आमचे खाते उघडून मागची बाकी पुढे ओढलेली असते!

या उद्गारांबरोबरच दुसऱ्या एका जातीचे उद्गार आपण तितक्याच सहजतेने काढीत असतो. ‘ज्याचे त्याचे कर्म’, ‘भोगतो आहे आपल्या कर्माची फळे’, ‘तिच्या नशिबीच होते, कोण काय करणार?’ व्याकरणाने पाहिले तर पहिल्या प्रकारच्या वाक्यात आणि या वाक्यांत फरक एका सर्वनामाचा आहे. ‘माझे’च्या जागी ‘त्याचे’ आले, इतकेच. परंतु कर्मसिद्धान्ताचा इतिहास आम्ही जसजसा न्याहाळत गेलो, तसतसे आम्हांस असे वाटू लागले की, या सर्वनामाच्या पालटातच त्या इतिहासाचे मर्म दडलेले आहे. सिद्धान्त खरा की खोटा हा वाद तत्त्वज्ञांचा; तो येथे मिटणारा नाही. तो कोणी, कोणास आणि कोणत्या प्रसंगी सांगितला हे मात्र इतिहासाला विचारता येते, आणि तेवढेच आम्ही विचारणार आहोत.

वेदकाळच्या माणसाला आपला हा प्रश्न पडलाच नसता. ऋग्वेदातला ऋषी इंद्राच्या कर्मांची वाखाणणी करतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे इंद्राचे पराक्रम असतात, आणि ब्राह्मणग्रंथांतले याज्ञिक कर्म म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात यज्ञातला विधी असतो. ‘कर्मठ’ या शब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. कर्मठ मनुष्य सदाचारी असेलच असे नाही, पण त्याची संध्या चुकत नाही. मेलेला मनुष्य यमाच्या लोकी पितरांना जाऊन मिळतो, ही ऋग्वेदाची समजूत. तो परत येतो, पुन्हा जन्म घेतो, असे त्यात स्पष्टपणे कोठेच सांगितलेले नाही. पुढे ब्राह्मणग्रंथांच्या काळी एक चमत्कारिक भीती डोकावू लागते. तिचे नाव पुनर्मृत्यू. यज्ञाने आणि दानाने जोडलेले पुण्य परलोकी शिदोरीसारखे पुरेल खरे, पण शिदोरी ती शिदोरी; संपली म्हणजे काय? तेथेही पुन्हा मरण आहे की काय? पुनर्जन्माच्या आधी आमच्या पूर्वजांना पुन्हा मरण्याचे भय वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या भयाला पहिले उत्तर मिळाले ते विदेहाच्या जनकाच्या सभेत. बृहदारण्यकोपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायातला तो प्रसंग पुष्कळांना ठाऊक असेल. जनकाने शिंगांना सोने बांधलेल्या हजार गाई उभ्या केल्या, आणि सर्वांत मोठा ब्रह्मज्ञ असेल त्याने त्या न्याव्या असे सांगितले. याज्ञवल्क्याने वादाची वाट न पाहता शिष्याला गाई हाकावयास लावल्या, आणि मग एकेक पंडित त्याला प्रश्न विचारावयास उठला. त्यांत जारत्कारव आर्तभाग नावाचा एक होता. त्याने विचारले, मनुष्य मेला म्हणजे त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात; सगळे असे वाटले गेल्यावर तो मनुष्य स्वतः कोठे उरतो? एरव्ही भर सभेत बेधडक उत्तरे देणारा याज्ञवल्क्य येथे थबकला. आर्तभागाचा हात धरून म्हणाला की, हे आपण दोघांनीच जाणावयाचे, चारचौघांत बोलण्यासारखे नाही. दोघे बाजूस गेले. तेथे ते जे बोलले ते कर्माविषयी बोलले, एवढेच उपनिषद् सांगते : चांगल्या कर्माने मनुष्य चांगला होतो, वाईटाने वाईट.

हे गुपित का? विद्वानांनी नाना तर्क केले आहेत. मत नवे होते, यज्ञावर पोट असलेल्या मंडळींना ते रुचले नसते, हा त्यांतला एक. आम्हांस मात्र त्या प्रसंगातला धरलेला हात अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्याला विचारण्याची तळमळ आहे त्याला, त्याच्या स्वतःच्या मरणाविषयी, बाजूला नेऊन सांगावयाची ही गोष्ट होती. आज ती ओटीवर बसून, शेजारच्या घरातल्या दुःखाविषयी, मोठ्याने सांगितली जाते. तीन हजार वर्षांच्या आतबाहेरच्या या प्रवासात गुपिताची अफवा झाली!

दुसरे उत्तर छांदोग्यात आहे, आणि त्यातच पुढच्या अनर्थाचे बी आहे. पांचालांचा राजा प्रवाहण जैवलि याने तरुण श्वेतकेतूला पाच प्रश्न विचारून निरुत्तर केले. पोरगा रुसून बापाकडे आला. बाप गौतम मात्र शहाणा, तो स्वतः राजाकडे शिकावयास गेला. राजा म्हणाला, ही विद्या आजवर ब्राह्मणांकडे गेलेली नव्हती. मग त्याने द्युलोक, पर्जन्य, पृथ्वी, पुरुष आणि स्त्री या पाच अग्नींतून जीव खाली कसा उतरतो ते सांगितले. येथपर्यंत सर्व भव्य आहे. पण त्याच ओघात असेही येते की, ज्यांचे आचरण रमणीय ते ब्राह्मण, क्षत्रिय वा वैश्य या योनीत येतात, आणि ज्यांचे ओंगळ ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत. एका हिंदू माणसाचा जन्म कुत्र्या-डुकराच्या पंक्तीला बसविला गेला आणि त्याचे कारण त्याच्याच मागच्या आचरणात दाखविण्यात आले. राजा सांगत होता, ब्राह्मण ऐकत होता. ज्याच्याविषयी हे चालले होते तो चांडाळ तेथे नव्हता.

पुनर्जन्माची कल्पना जगात एकट्या भारताची नव्हे. ग्रीसमध्ये पायथागोरसचे अनुयायी ती मानीत, पश्चिम आफ्रिकेतल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या कित्येक जमाती मानीत. श्रीलंकेचे मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयसेकरे यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या सर्वांची तुलना केली आहे. त्यांचे म्हणणे असे की, त्या जमातींत मेलेला आजा नातवाच्या रूपाने परत येतो, पण त्याच्या येण्याला पापपुण्याची अट नसते; जन्मोजन्मीच्या फेऱ्याला नीतीचा हिशेब जोडला तो येथे. डच पंडित योहानेस ब्रॉन्कहॉर्स्ट यांनी २००७ साली असे मांडले की, हा हिशेब मुळात वैदिकांचा नसून मगधाकडच्या पूर्वेच्या मुलखातला आहे, आणि वैदिकांनी तो मागाहून उचलला. हे मत सर्वांना मान्य नाही. पण प्रवाहणाची ती कबुली वाचताना ते आठवल्यावाचून राहत नाही.

पूर्वेच्या त्या मुलखात त्या काळी वादांची नुसती जत्रा भरलेली होती. जैनांनी कर्म हा एक अतिसूक्ष्म द्रव्याचा कण मानला. ओल्या वस्त्राला धूळ चिकटावी तसा तो जीवाला चिकटतो. बुद्धाने सांगितले की कृतीमागचा हेतू हेच खरे कर्म. आणि या दोघांचा समाईक प्रतिस्पर्धी होता मक्खली गोसाल, आजीविकांचा आचार्य. त्याचे मत असे की, सर्व काही नियतीने ठरलेले आहे. सुताचा गुंडा फेकला की तो उलगडत जाऊन संपेल तेव्हाच थांबतो, तसे शहाण्याचे आणि मूर्खाचे आयुष्य आपला आपण उलगडते. उद्योगाने त्यात रतिभर फरक पडत नाही. हा पंथ काही क्षुल्लक नव्हता. गयेजवळच्या बराबर टेकड्यांत अशोकाने राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी त्यांना दिलेल्या गुहा आजही आहेत, आणि त्यांच्या भिंती आरशासारख्या तुळतुळीत आहेत.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, ‘कर्मवाद म्हणजे दैववाद’ हे समीकरण आपल्याकडे सुशिक्षितांतही रूढ झाले आहे. इतिहास नेमका उलटा आहे. दैववादी होता तो गोसाल. कर्मवाद उभा राहिला तो त्याला उत्तर म्हणून : तुझ्या करण्याने फरक पडतो, असे सांगण्यासाठी. आजीविक पंथ काळाच्या ओघात नामशेष झाला. पण आपले तत्त्वज्ञान प्रतिस्पर्ध्याच्याच घरी ठेवून गेला, असे कधी कधी वाटते.

महाभारतात या दोन वृत्तींची झुंज जितकी मोकळेपणाने चालते तितकी अन्यत्र कोठेच चाललेली नाही. वनवासात द्रौपदी युधिष्ठिराला बजावते की, हात बांधून बसणाऱ्याचे दैवही काही भले करीत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची कारणे मोजली आहेत ती पाच : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. पाचवे! आपण बहुधा मोजणीला तेथूनच सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो. पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महाभारतातल्या दोन कथा फार मोलाच्या आहेत.

पहिली मांडव्य ऋषीची. तो आश्रमाच्या दारी हात वर करून मौनव्रत धरून उभा होता. चोर आले, लूट आश्रमात दडवून लपले. मागून राजाचे शिपाई आले. त्यांनी विचारले, ऋषी बोलेना. लूट सापडली, आणि राजाने चोरांबरोबर त्यालाही सुळावर चढविले. तो मेला नाही. राजाला चूक कळली, त्याने पाय धरले, पण सूळ निघेना. शेवटी बाहेरचा भाग कापून टाकला आणि आतले टोक शरीरातच राहिले. म्हणून त्याचे नाव अणीमांडव्य. आता साधा भाविक म्हणाला असता, ‘पूर्वकर्म! दुसरे काय?’ मांडव्य तसे म्हणाला नाही. तो थेट धर्माच्या घरी गेला आणि त्याने खाते दाखवावयास सांगितले. धर्म म्हणाला, तू लहानपणी पाखरासारख्या किड्यांच्या शेपटांत गवताच्या काड्या टोचल्या होत्यास. ऋषीचा संताप अनावर झाला. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? तीही अजाण वयातल्या? त्याने धर्माला शाप दिला, तो शूद्रयोनीत विदुर होऊन जन्मला. आणि मांडव्याने नवा नियम घातला की, चौदा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातून घडलेले पाप हे पाप धरले जाऊ नये. कर्माच्या कायद्यात एका पीडित माणसाने दुरुस्ती करून घेतली, हे आमचे ग्रंथच सांगतात. हिशेब ठेवणाराही हिशेबात सापडू शकतो!

दुसरी कथा अनुशासनपर्वाच्या अगदी आरंभीची. गौतमी नावाच्या म्हातारीचा एकुलता मुलगा साप चावून मेला. अर्जुनक नावाच्या व्याधाने तो साप पकडून आणला आणि विचारले, याला जाळू की तोडू? गौतमी म्हणाली, सोडून दे. याला मारून माझा मुलगा उठणार नाही. व्याध ऐकेना. तेव्हा साप बोलला की, मला मृत्यूने पाठविले. मृत्यू आला, तो म्हणाला मला काळाने पाठविले. काळ आला आणि म्हणाला, आम्ही कोणीच नव्हे, मुलाच्या स्वतःच्या कर्माने हे घडले. गौतमीने ते ऐकले, आणि माझ्याही कर्मानेच मला हे दुःख आले असे म्हणून सापाला सोडविले. ही कथा भीष्म शरशय्येवरून सांगतो ती युधिष्ठिराला, आणि युधिष्ठिर आपल्यामुळे एवढी माणसे मेली म्हणून स्वतःला जाळीत बसलेला असतो.

येथे कर्माचा शब्द प्रथमपुरुषी उच्चारलेला आहे, आणि त्याने सूड थांबला आहे. तेच वाक्य एखादी शेजारीण गौतमीच्या दारात येऊन बोलली असती, तर? शब्द तेच राहिले असते, पण ती कथा महाभारतात घेण्याच्या लायकीची उरली नसती.

आता वैद्यांकडे वळू. कारण दुसऱ्याच्या दुःखाशी ज्यांना रोजचे काम पडते ते वैद्य, आणि त्यांनी हा प्रश्न टाळला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या साथींचा आहे. स्थळ पांचालांची राजधानी कांपिल्य, गंगेचा काठ, उन्हाळ्याचा शेवट. म्हणजे ज्या पांचालदेशात प्रवाहणाने पाच अग्नी सांगितले त्याच देशात हा दुसरा संवाद चालला आहे. अग्निवेश विचारतो, आयुष्य ठरलेले असते काय? आत्रेय म्हणतो, सर्वांचे आयुष्य ठरलेलेच असते तर मग औषध कशाला, आणि पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला तरी का व्हावे? मागच्या जन्मीचे केलेले ते दैव, या जन्मी करतो तो पुरुषकार. दोहोंत जे बळकट ते दुबळ्याला मागे सारते. पुढे तो गाडीच्या आसाचा दाखला देतो. चांगला आस नीट वापरला तर आपल्या वेळी झिजतो. पण ओझे फार लादले, रस्ता वाईट असला, हाकणारा अडाणी असला, तर वेळेआधीच मोडतो. मनुष्याचे आयुष्य तसे आहे.

आणि साथीचे मूळ? हवा, पाणी, भूमी आणि ऋतू बिघडतात म्हणून साथ येते. ते बिघडतात अधर्माने. पण कोणाच्या अधर्माने? आत्रेयाने बोट ठेवले आहे ते देशाच्या, नगराच्या आणि श्रेणींच्या प्रमुखांवर. ते आधी धर्म सोडतात, मग त्यांच्या आश्रयाची माणसे. मेलेल्या रोग्याच्या पूर्वजन्माचा शोध घेण्याऐवजी चालू जन्मातल्या कारभाऱ्यांचा शोध घेणारा हा वैद्य आम्हांस फार आवडतो. नगरपालिकेच्या सभागृहात या अध्यायाचे वर्षातून एकदा वाचन ठेवावे, अशी आमची विनोदाने नव्हे, गंभीरपणे सूचना आहे.

धर्मशास्त्राने मात्र वेगळी वाट धरली. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात शरीराच्या व्यंगांवरून मागच्या पापाची ओळख पटविली आहे : सोने चोरणाऱ्याची नखे किडकी, मद्य पिणाऱ्याचे दात काळे, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय, वस्त्र चोरणाऱ्याला कोड, घोडा चोरणारा पांगळा. पुढे या एका विषयावर स्वतंत्र ग्रंथ झाले, त्यांना कर्मविपाक हेच नाव पडले. शातातपाच्या नावावर चालणाऱ्या स्मृतीत रोग, त्याचे पूर्वजन्मीचे पाप आणि त्यावर करावयाचे दान, अशी याद्यांची रांगच लागली आहे; कुष्ठाच्या वाट्याला तेथे ब्रह्महत्या आली आहे. या साऱ्या वाङ्मयाचा पट महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) उलगडून दाखविला आहे. ज्यांना सवड आहे त्यांनी तो अवश्य चाळावा. प्रायश्चित्ताने पाप फिटते असे म्हणणारे आणि भोगल्यावाचून कर्म सुटत नाही असे म्हणणारे, दोघेही एकाच शास्त्रात शेजारी शेजारी नांदले. आपल्या घरी श्राद्ध, व्रत, दान, नवस यांनी खात्यात सूट मिळत राहिली. रस्त्यावरच्या रोग्याला मात्र ती कोणी देऊ केली नाही.

आता इतके झाल्यावर कोणी म्हणेल की, तुमचा निवाडा सोपा आहे : कर्म प्रथमपुरुषी म्हणावे, तृतीयपुरुषी म्हणू नये, म्हणजे झाले. आम्हांसही काही काळ तसेच वाटले असते. पण वाटेत चोखोबा उभा आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून १३३८ साली त्याचा अंत झाला, असे परंपरा सांगते. त्याच्या अभंगांत एके ठिकाणी विटाळ कोणाच्या देहाला नाही असा निर्भीड प्रश्न आहे. आणि त्याच्याच नावाच्या दुसऱ्या एका अभंगात, पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून आपल्याला महाराचा जन्म आला, अशी कबुली आहे. हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. बोलणारा प्रामाणिक आहे. पण हे त्याला कोणी शिकविले? प्रवाहणाच्या दरबारात जो हजर नव्हता त्याच्या तोंडून तब्बल दोन हजार वर्षांनी त्याच दरबाराचा निकाल वदविला गेला. गौतमीचे ‘माझे कर्म’ आणि चोखोबाचे ‘माझे कर्म’ सारखे दिसतात, पण गौतमी सापाला सोडू शकत होती. चोखोबाच्या हाती सोडण्यासारखे काहीच नव्हते. त्याच्या मुलाचे नाव कर्ममेळा. त्या मुलाच्या अभंगांत ही कबुली टिकलेली दिसत नाही. आपल्या हीन ठरविलेल्या जातीबद्दल तो विठ्ठलालाच जाब विचारतो. अणीमांडव्याचे घराणे म्हणावे तर ते हे.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्राने या शब्दाची झाडाझडती पुन्हा सुरू केली. जोतीराव फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त, जे त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली बाहेर आले, पाप, पुण्य, दैव, श्राद्ध असे एकेक शब्द प्रश्नोत्तरांच्या चाळणीत घातलेले आहेत. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ साली छापून निघाले. त्यातल्या दहाव्या प्रकरणाचे नावच ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग करण्याची जी वहिवाट आहे ती टिळकांना पसंत नव्हती. साठलेले ते संचित, त्यांतले भोगावयास सुरुवात झालेले ते प्रारब्ध, बाकीचे अनारब्ध; सध्या चाललेले जे क्रियमाण ते प्रारब्धाच्याच पोटात येते, सबब तिसऱ्या नावाची जरूर नाही, असा त्यांचा काटेकोर युक्तिवाद. मग मोकळीक कोठून आणावयाची? ती त्यांनी आत्म्याच्या ठायी ठेवली. कर्माच्या साखळीतून सुटण्याची ओढ ही त्याची, कर्माची नव्हे. शास्त्रदृष्ट्या हे बरोबर असेल. परंतु सामान्य संसारी माणसाला ‘क्रियमाण’ या एका शब्दाने जेवढा धीर दिला असेल, तेवढा अनारब्धाने कधी दिला नसता, असे आम्हांस भीतभीत म्हणावेसे वाटते. टिळकांचे खरे काम त्या ग्रंथाच्या दुसऱ्या नावात आहे : कर्मयोगशास्त्र. मागे पाहणारा शब्द त्यांनी पुढे पाहावयास लावला, आणि राजकारणात उडी घेणाऱ्या एका पिढीच्या हाती तो दिला.

ज्यांना मागच्याच शब्दाने जखडले होते त्यांचे उत्तर दुसऱ्या दिशेने आले. महाडला १९२७ च्या २५ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. नागपूरला १९५६ च्या १४ ऑक्टोबरला त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धावरील ग्रंथात त्यांनी कर्माला एक संपूर्ण चर्चा दिली आहे. कृतीला फळ आहे, नीतीचा कायदा आहे, हे त्यांनी मान्य केले. नाकारला तो गतजन्मीच्या कर्माचा भाग. गरीब आणि पददलित यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला व राज्याला झटकून टाकता यावी, यापलीकडे या कल्पनेचा उपयोग काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. आम्ही वर जो इतिहास सांगितला त्यातले प्रवाहणाचे वाक्य, मनूची यादी आणि चोखोबाची कबुली एका ओळीत ठेवली, तर हा आरोप खोडता येत नाही. ‘मूळ सिद्धान्त तसा नव्हता’ असे म्हणणे सोपे आहे. पण हजारो वर्षे ज्याच्यावर अंमल चालला त्याला मूळ सिद्धान्त काय होता हे सांगत बसणे, म्हणजे मांडव्याला सूळ कसा चुकून बसला ते समजावीत बसण्यापैकी आहे.

तथापि याच काळात, याच महाराष्ट्रात, कर्मावर पूर्ण श्रद्धा असलेल्या काही माणसांनी त्या श्रद्धेतून निराळीच गोष्ट काढली, हेही नोंदविले पाहिजे. आणि तीही नेमकी त्या रोगाच्या बाबतीत, ज्याला शातातपाने सर्वांत मोठे पाप चिकटविले होते. कुष्ठाचा जंतू नॉर्वेतल्या हॅन्सेनला १८७३ साली दिसला. तरीही आपल्याकडे रोग्याला गावाबाहेर काढून ‘भोग आहेत’ म्हणणे पुढे कित्येक दशके चालूच राहिले. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाण यांनी कुष्ठसेवा सुरू केली. ते विनोबांच्या आश्रमातले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली होती, साने गुरुजींनी ती उतरून घेतली होती, आणि त्यांत कर्माला मनाची जोड मिळाली म्हणजे ते हलके होते, असे विनोबांनी सांगितले होते. १९४६ साली अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन, १९४९ पासून वरोड्याच्या आनंदवनात बाबा आमटे. या मंडळींची मते एकसारखी नव्हती. पण रोग्याच्या अंगावरची जखम धुताना तिचे कारण कोणत्या जन्मात आहे हे विचारावयास त्यांना फुरसत नव्हती. जखम त्याची, धुणे हे आपले कर्म. गंमत अशी की, या हिशेबात सिद्धान्ताचा एक धागाही तुटत नाही.

कायदा नेहमीप्रमाणे मागून आला. असाध्य रोग्याला वारसा नाकारणारी स्मृतींची वचने होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने कोणत्याही रोगामुळे अगर व्यंगामुळे वारसा बुडणार नाही असे अठ्ठाविसाव्या कलमात लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्यात मात्र कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून राहून गेले. तसे ते इतर धर्मीयांच्या विवाहकायद्यांतही होते, म्हणजे ही भीती केवळ कर्मवाद्यांची नव्हती. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित औषधांचा उपचार सुचविला, रोग पुरता बरा होऊ लागला, आणि २००५ च्या अखेरीस भारताने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या अर्थाने त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. रोगी त्यानंतरही सापडतच राहिले. कलम तसेच होते. ते पाच कायद्यांतून एकदम काढून टाकणारी दुरुस्ती संसदेने संमत केली ती २०१९ च्या फेब्रुवारीत.